शेजारणीला विचारा

फॉर्मवाली गल्लीत पहिल्यांदा आली ती सकाळी नऊच्या सुमाराला. साडेनऊपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं होतं, की ऑफिसातून कोणी बाई आलीय आणि ती घरोघर जाऊन "काय खाल्लंत?" असं विचारतेय.

त्या दिवसांत हा प्रश्न कोणी कुणाला विचारत नसे. लागोपाठ दोन वर्षं पिकं गेली होती. बाहेरून येणारं धान्य म्हणे बंदरातच अडकून पडलं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं रिकाम्या फळ्यांवर काड्यापेट्या अशा काही रचून ठेवल्या होत्या, की लांबून दुकान भरलेलं वाटावं. पीठ आलं की रांग लागायची आणि रांग अर्ध्यावर आली की पीठ संपायचं. लोक भेटले की एकमेकांना तब्येत विचारत, गुडघे विचारत, पाहुणे गेले का ते विचारत. जेवलात का, एवढं मात्र टाळत. विचारलं आणि समोरचा "नाही" म्हणाला, तर पुढे काय बोलायचं?

फॉर्मवालीला नेमकं तेच विचारायचा पगार मिळत होता. वय सव्वीस, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत चाळीस फॉर्म आणि प्रत्येक फॉर्मवर अकरा प्रश्न. घरात काय शिजलं, किती वेळा शिजलं, कोणी उपाशी राहिलं का, मोठ्यांनी लहानांसाठी आपलं ताट सोडलं का. या उत्तरांवरून कुठल्या गल्लीला मदतीचं धान्य द्यायचं ते ठरणार होतं. पण ते गल्लीत सांगायचं नाही, असं तिला ऑफिसात बजावलं होतं. "धान्याचं नाव काढलं की लोक खोटं बोलतात," साहेब म्हणाले होते, "नाव काढू नका, म्हणजे खरं सांगतील."

साहेबांनी ती गल्ली पाहिलेली नव्हती.

ती दुरुस्तीवाल्यांची गल्ली होती. बारा घरं, पुढे काम, मागे संसार. मधल्या भिंती फळ्यांच्या, त्याही वाळून आकसलेल्या. एका घरात कोणी शिंकलं तर शेजारच्या घरातून "सावकाश" असं ऐकू येई. पहिलं घर छत्र्या दुरुस्त करणाऱ्याचं. दोन वर्षं पावसाचा थेंब नाही, तेव्हा त्याचा धंदा कसा चालला असेल ते वेगळं सांगायला नको. तो चार महिन्यांपूर्वी कामाच्या शोधात परगावी गेला होता. घरात त्याची आई, बायको आणि पाच महिन्यांचं बाळ. आईला सगळी गल्ली छत्रीवाली आजी म्हणे.

आजीनं फॉर्मवालीला बसायला स्टूल दिलं. सून बाळाला पाजत कोपऱ्यात बसली होती.

"आजी, काल घरात काय शिजलं होतं?"

आजी उत्तर देणार, तेवढ्यात पलीकडच्या घरातला धप धप आवाज बंद पडला. शेजारची गादीवाली कापूस झोडत होती, ती थांबली. गादीवाली काम थांबवते ती फक्त ऐकण्यासाठी, हे आजीला वीस वर्षांच्या शेजारानं ठाऊक होतं. आजी फळीकडे तोंड करून बसली आणि तिनं आवाज चढवला.

"काल ना? काल मटण."

सुनेनं मान खाली घातली.

"आणि परवा?"

"परवा मासे. तळलेले. थोडे उरले, ते टाकून दिले."

"टाकून दिले?"

"रोज रोज खाऊन कंटाळा येतो गं बाई."

फॉर्मवालीनं चुलीकडे पाहिलं. चुलीवर कोळ्यानं जाळं विणलं होतं. तिनं मुकाट्यानं 'मासे' लिहिलं. नियमच होता, जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहायचं.

"घरातल्या मोठ्या माणसानं कधी जेवण सोडलं का?"

"सोडलं की. मीच सोडलं मंगळवारी. आदल्या दिवशी फार झालं होतं."

पलीकडे कापूस परत झोडला जाऊ लागला, पण आता जरा रागारागानं.

गादीवालीच्या दारात फॉर्मवाली पोचली, तेव्हा ती पदर खोचून तयारच होती. "लिही," ती म्हणाली, "काल मटण. पण आमच्यात नुसतं मटण कोणी खात नाही. सोबत कोंबडी लागते."

"दोन्ही एकदम?"

"कोंबडी मोठी होती, तेही लिही."

आतल्या खोलीत तिचा नवरा खोकला. ती आत बघून म्हणाली, "बघ, अजून ढेकर थांबत नाहीत."

तिसऱ्या घरातला किल्लीवाला तर सरळ म्हणाला, "शेजारी काय म्हणाले?"

"ते सांगता येत नाही."

"हरकत नाही. त्यांच्यापेक्षा दोन पदार्थ जास्त लिहा."

दुपारपर्यंत बाराच्या बारा घरं जेवून तृप्त झाली होती. गल्लीच्या टोकाला न्हाव्याचं दुकान होतं. न्हावी एकटाच. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यानं दोन वाक्यांत काम संपवलं. "मी बाहेर जेवतो. गिऱ्हाइकं सोडतच नाहीत, हाताला धरून घरी नेतात." फॉर्मवालीनं तेही लिहिलं आणि पिशवीतला सकाळी बांधून आणलेला पावाचा तुकडा न खाताच ती परत गेली. एवढी जेवणं ऐकल्यावर तो बाहेर काढायची तिला लाज वाटली.

दहा दिवसांनी साहेबांनी तिला बोलावलं. साहेब खुर्चीत रेलून तिचे फॉर्म वाचत होते.

"बाई, मला या गल्लीत एखादी खोली मिळेल का?"

"का हो साहेब?"

"माणशी आठवड्याला साडेतीन किलो मटण! एका घरात तर लहान मूलसुद्धा दिवसाला तीन अंडी खातंय."

"त्या मुलाला अजून दात नाहीत साहेब."

"मग लिहिलंत कसं?"

"त्यांनी सांगितलं. नियम आहे."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कॉम्प्युटरनं ती गल्ली 'सुस्थितीत' या खान्यात टाकली होती. मागच्या गल्लीला, पलीकडच्या गल्लीला, नाल्याकाठच्या वस्तीला धान्य मंजूर झालं होतं, आणि या बारा घरांना काहीच नव्हतं. यादी शनिवारी बंद होणार होती, आज गुरुवार. "उद्या परत जा," साहेब म्हणाले, "वाटलं तर धान्याचंही सांगा. आणि या खेपेलाही मटण निघालं, तर मला निरोप पाठवा, मी ताट घेऊन येतो."

शुक्रवारी सकाळी फॉर्मवाली छत्रीवाल्या आजीपुढे पुन्हा त्याच स्टुलावर बसली. या वेळी तिनं आवाज बारीक केला आणि सगळं उलगडून सांगितलं. खरं सांगा, म्हणजे दोन-तीन महिन्यांचं पीठ, डाळ, तेल मिळेल. कोणाला कळणार नाही.

आजीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे मागच्या वेळी मी खोटं बोलले?"

"तसं नाही आजी..."

"माझा मुलगा परगावी राबतोय. कोणाच्या तरी तोंडून त्याला कळेल, की त्याच्या आईनं सरकारी कागदावर लिहून दिलं, घरात खायला नाही म्हणून. काय वाटेल त्याला? तिथे त्याच्या घशाखाली घास उतरेल?"

फॉर्मवाली पेनाचं टोपण उघडझाप करत राहिली. आजीलाच मग तिची कीव आली. "बरं, तुझ्यासाठी एवढं करते," ती म्हणाली. "मटण खोड. मासे राहू देत."

फॉर्मवाली बाहेर पडली आणि नळापाशी जाऊन उभी राहिली. पुढच्या घरी जायचा तिला धीर होईना. तेवढ्यात मागून कोणीतरी "शुक शुक" केलं. गादीवाली होती. केसांत कापूस, हातात रिकामी बादली.

"म्हातारीनं काय सांगितलं?"

"सांगता येत नाही."

"मासे म्हणाली असेल. अगं कसले मासे! सहा दिवस झाले, त्या घरात फोडणीचा आवाज नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"त्या फळीला कान लावावा लागत नाही, फळीच येऊन कानाला लागते." गादीवालीनं बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली. "सकाळी म्हातारी वाटीभर पीठ पाण्यात शिजवते. ते सगळं सुनेला. अंगावर पिणारं बाळ आहे ना. सून विचारते, 'आई, तुम्ही?' म्हातारी म्हणते, 'मी मघाशी गादीवालीकडे खाल्लं.' माझ्याकडे! माझ्याकडे काय आहे, कापूस?"

ती हसली, मग पदरानं केसांतला कापूस झटकू लागली. "परवा तिला चक्कर आली. पडल्याचा आवाज आला मला. मी धावत गेले, तर मला म्हणते, 'उंदीर मारत होते.'"

फॉर्मवालीनं पिशवीतून कोरा फॉर्म काढला. त्यावर सगळ्यात वर एक रकाना होता, माहिती देणाऱ्याचं कुटुंबाशी नातं. मुलगा, सून, पत्नी असं काहीतरी तिथे लिहायचं असे. तिनं लिहिलं, 'शेजारीण'.

अकराही प्रश्नांची उत्तरं गादीवालीनं न अडखळता दिली. किती वाट्या, कितीदा, कोणी, कधी. स्वतःच्या घराबद्दल तिनं कधी इतकं नेमकं सांगितलं नसतं.

ती बादली भरून गेली, आणि पाच मिनिटांत आजीची सून घागर घेऊन आली.

"काकू आमच्याबद्दल सांगत होत्या ना?"

फॉर्मवालीनं भरलेला फॉर्म पिशवीत सरकवला.

"मग त्यांचंही लिहा," सून म्हणाली. तिचा आवाज फॉर्मवालीनं पहिल्यांदाच ऐकला. "काकू रोज दुपारी बारा वाजता पातेल्यात डाव फिरवतात. आम्हाला ऐकू यावं म्हणून. पण रिकामं पातेलं वेगळं वाजतं हो, ते काही लपत नाही. काका खोकतात ते पोटात काही नसल्यामुळे. काल काकूंनी एक बटाटा उकडला. एकच. त्याचे दोन भाग केले, आणि मग अर्धा तास दोघांचं भांडण, मोठा भाग तू घे म्हणून."

"भांडण कोण जिंकलं?"

"तो बटाटा आज सकाळपर्यंत तसाच होता," सून म्हणाली, आणि दोघींनाही हसू फुटलं.

मग काय, नळावर रांगच लागली. पाण्यापेक्षा फॉर्मसाठी जास्त. किल्लीवाल्यानं चप्पल शिवणाऱ्याच्या घरचं सांगितलं, चप्पलवाल्याच्या बहिणीनं किल्लीवाल्याचं. स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्याकडे तीन स्टोव्ह होते आणि पंधरा दिवसांत एकाचाही भडका नव्हता, हे त्याच्या समोरच्या घराला अगदी तारखेनिशी माहीत होतं. कोणी कुणाचं वाढवून सांगितलं नाही, कमीही केलं नाही. एकानं चुकून "तीन दिवस" म्हटलं, तर मागून दुसरी म्हणाली, "तीन नाही, चार. रविवारी त्यांच्याकडे नुसतं पाणी उकळलं होतं, वास नव्हता." स्वतःच्या घराबद्दल विचारलं की मात्र प्रत्येक जण, "आमचं काय, आमचं चाललंय," म्हणून घागर उचलून चालू लागे.

दुपारी एकपर्यंत अकरा फॉर्म झाले. राहिला एक.

"न्हावीभाऊंचं कोण सांगतंय?" फॉर्मवालीनं विचारलं.

"ते बाहेर जेवतात ना," गादीवाली म्हणाली.

"कुठे?"

"कुठे म्हणजे... किल्लीवाल्या, तुझ्याकडे जेवतात ना?"

"माझ्याकडे? मला वाटलं चप्पलवाल्याकडे."

चप्पलवाल्याच्या बहिणीनं नकारार्थी मान हलवली. न्हाव्याचं दुकान टोकाला. एका बाजूला बंद गोदाम, दुसऱ्या बाजूला कोरडी टाकी. त्याच्या फळीला कुणाचाच कान लागत नव्हता. सगळे एकमेकांकडे बघू लागले. 

सगळेच दुकानाकडे निघाले. न्हावी खुर्चीशेजारी उभा राहून वस्तरा पट्ट्यावर घासत होता. दोन महिन्यांपासून त्यानं दाढी वाढवली होती, आणि न्हाव्यानंच दाढी वाढवावी यावर गल्लीत पुष्कळ विनोद झाले होते. दारात एवढी माणसं बघून तो चपापला.

"एवढ्यांची हजामत एकदम नाही जमायची," तो म्हणाला.

"न्हावीभाऊ, फॉर्म भरायचाय," फॉर्मवाली म्हणाली.

"भरला होता ना? बाहेर जेवतो, लिहा."

"कोणाकडे?"

"असे वेगवेगळे लोक."

तो वस्तरा घासतच राहिला. वस्तऱ्याला आता काही धार यायची बाकी नव्हती. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि काठी टेकत छत्रीवाली आजी आत आली. नळावर काय चाललंय ते एव्हाना तिच्या कानावर गेलं होतं. रागानं ती काठी जरा जास्तच आपटत होती. गादीवाली पटकन किल्लीवाल्याच्या मागे सरकली. आजीनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती थेट न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसली.

"काय मावशी, दाढी करायची?" न्हावी म्हणाला.



"मी काल काही खाल्लं नाही," आजी आरशात त्याच्याकडे बघत म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी दारातल्या शेवटच्या माणसाला ऐकू गेलं. "परवा दोन घोट पिठाचं पाणी. त्याच्या आधी कधी, ते आता आठवत नाही. मटण शेवटचं कधी खाल्लं तेही नाही आठवत. झालं, मी सांगितलं. आता तू सांग."

न्हाव्याचा हात थांबला.

"मावशी, कशाला उगाच..."

"मी एवढ्या लोकांसमोर सांगितलं, ते काय तुझा आरसा बघायला?"

न्हाव्यानं वस्तरा मिटला. मग दाढीत बोटं घालून ती दाबून दाखवली. बोटं गालात पार आत गेली. "आरशासमोर उभं राहून दिवसभर काम करायचं," तो म्हणाला. "गिऱ्हाइकांना माझी गालफडं दिसायची. म्हणून वाढवली." मग म्हणाला, "सकाळी काळा चहा. संध्याकाळी काळा चहा. साखर होती तोवर बरं होतं."

"किती दिवस?" फॉर्मवालीनं विचारलं.

"पाच."

"पाच कसले!" आजी म्हणाली. "माझे सहा झाले."

"मावशी, तुम्ही परवा पिठाचं पाणी प्यायलात. ते धरायला नको?"

"दोन घोट होते!"

"दोन का होईना. मी परवा नुसता चहा घेतला."

"अहो, आमच्याकडे अर्धा बटाटा चार वेळा ताटात वाढला गेलाय!" मागून गादीवालीला राहवलं नाही. मग किल्लीवाला बोलला, चप्पलवाल्याची बहीण बोलली, आणि जो तो आपलं घर किती रिकामं ते दुसऱ्याच्या वरताण सांगू लागला. फॉर्मवालीला शेवटी पेनानं आरशाच्या चौकटीवर टकटक करावं लागलं.

"एकेक जण! आणि झालं तेवढंच सांगा. नाहीतर साहेब म्हणतील, ही गल्ली मागच्या वर्षीच मेली."

तेव्हा आजी हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसायला न्हाव्यानं आपला खांद्यावरचा पंचा पुढे केला. फॉर्मवालीनं बारावा फॉर्म काढला आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं, 'स्वतः'.

शनिवारी साहेबांनी फॉर्म पाहिले. "अकरा ठिकाणी शेजारी? असं चालतं?"

"चालत नाही, असं कुठे लिहिलंय का साहेब?"

साहेबांनी नियमांची वही काढून उलटसुलट चाळली. तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी सही केली.

धान्य यायला तीन आठवडे लागले. तीन महिन्यांचं म्हणाले होते, आलं दोन महिन्यांचं. त्या तीन आठवड्यांत आजी गादीवालीशी एक शब्द बोलली नाही. मात्र फळीच्या एका फटीतून रोज अर्धा बटाटा किंवा वाटीभर काहीतरी या घरातून त्या घरात जात होतं, आणि ते कोण देतंय, कोण घेतंय याबद्दल दोन्ही घरांनी कानावर हात ठेवले होते.

पोती उतरली त्या दिवशी सुनेनं आजीच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि बाळाला मांडीवर घेऊन समोरच बसली. शेवटचा घास गिळेपर्यंत ती उठली नाही. आजी कुरकुरली, मीठ कमी आहे म्हणाली, सुनेचं बोट धरून उठायला लागली, पण सून जागची हलली नाही. आजीनं ताट पुसून खाल्लं.

न्हाव्यासाठी गल्लीनं पाळ्या लावल्या. रोज एका घरी जेवायचं. तो आधी तयार होईना. फुकट जेवणार नाही म्हणाला. शेवटी ठरलं, की ज्या घरी जेवण, त्या घरच्या सगळ्यांचे केस तो कापणार. हे कोणी नीट हिशेब करून ठरवलं नव्हतं. अकरा दिवसांनी प्रत्येकाची पाळी परत येई, आणि अकरा दिवसांत माणसाचे केस वाढतात तरी किती!

दोन महिन्यांनी फॉर्मवाली फेरतपासणीला आली, तेव्हा गल्लीतली झाडून सगळी डोकी इतकी बारीक झाली होती, की तिला आधी वाटलं साथ वगैरे आली की काय. किल्लीवाल्याला तर तिनं ओळखलंच नाही. पोती संपत आली होती. दुसरी खेप मंजूर होणार की नाही ते तिलाही माहीत नव्हतं, आणि तिनं ते लपवलं नाही. लोकांनी ऐकून घेतलं, दोन-चार नवे प्रश्न विचारले, आणि उत्तरं दिली. काही स्वतःची, काही शेजाऱ्याची.

शेवटी ती न्हाव्याच्या दुकानात पोचली. आज आजीच्या घरची पाळी होती. आजी मानेवर पंचा घेऊन खुर्चीत बसली होती, आणि तिच्या चार केसांत न्हाव्याला कात्री लावायला जागा सापडत नव्हती.

"जेवलीस का गं?" आजीनं आरशातूनच विचारलं.

दिवसभर हा प्रश्न फॉर्मवाली विचारायची, तिला कोणी विचारला नव्हता.

"नाही," ती म्हणाली.

"मग चल घरी. सुनेनं डाळ केलीय. पातळ आहे, पण आहे." आजी खुर्चीतून उतरली आणि काठीनं खुर्ची दाखवत म्हणाली, "आणि त्याआधी इथे बस. याला तेवढंच मनासारखं काम मिळेल."

फॉर्मवालीनं पिशवी खुंटीला अडकवली, वेणी सोडली आणि खुर्चीत बसली.